बार्शीहून आलेली उत्तरं

"पाणी पिऊन घ्या सावकाश, मग बोलू," मी म्हणालो.

समोर स्क्रीनवर तेजल घुगे नावाची मुलगी बाटली तोंडाला लावून खरंच पाणी पीत होती. गळा हलताना दिसत होता. आणि त्याच वेळी माझ्या हेडफोनमध्ये तिचं उत्तर चालू होतं, स्वच्छ, कुठंही न अडखळता. मी बोललो तसं उत्तर मध्येच तुटलं. बाटली खाली आली. मुलीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तिचा चेहरा इतका उतरला की मला आधी तिची दयाच आली. मग संताप आला. मला संताप यायला फार वेळ लागत नाही, हे माझ्या घरचे आणि माझ्या हाताखालचे सगळे सांगतील.

त्या पाच आठवड्यांतली ती माझी एकतिसावी मुलाखत. जागा किती भरायच्या होत्या? एक. पुण्यातल्या आमच्या कंपनीकडे एका खासगी बसवाल्याच्या ऑनलाइन बुकिंगचं काम होतं आणि माझी सहा जणांची टीम ते सांभाळायची. त्यातल्या ज्याला त्या सगळ्या कारभाराची नस ठाऊक होती, तो दुप्पट पगारावर बंगळुरूला गेला. त्यानंतर महिन्याभरात एकच सीट दोघांना विकली जायला लागली. रोज नाही, गर्दी असली की. स्लीपरच्या एका बर्थसमोर तिकिटं हातात घेतलेली दोन कुटुंबं भांडताहेत असे व्हिडिओ लोक टाकू लागले. दिवाळी सात आठवड्यांवर आली होती. दिवाळीचं बुकिंग उघडायच्या आत हे मिटलं नाही तर बसवाला काम काढून घेणार, असं त्यानं लेखी कळवलं होतं. म्हणजे माझी टीम घरी.

आणि माणूस मिळत नव्हता. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरलेली, नोकऱ्या नाहीत म्हणून पेपर भरून येत होते, आणि मला एक माणूस मिळत नव्हता. एकानं हो म्हटलं, पत्र घेतलं आणि ते पत्र दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेतला. दुसरा रुजू व्हायच्या सकाळी फोनच उचलेना. तिसऱ्याच्या अर्जावर बारा टेक्नॉलॉजींची नावं, त्यातली एकही त्यानं हाताळलेली नाही. विचारलं तर म्हणाला, "ते कन्सल्टन्सीवाल्यांनी टाकलंय सर." आणि आता ही, नुसते ओठ हलवणारी.

"बंद करा हा तमाशा," मी म्हणालो. "जे कोणी बोलतंय त्यांनी नाव सांगून बोला."

स्क्रीन काळी झाली. मला वाटलं, पळाली. पण आवाज आला.

"सर, मी बोलतेय. तेजलवर चिडू नका. ती पोर आधीच घाबरलीय."

"तुम्ही कोण?"

"ते राहू द्या की."

"राहू द्या काय? ही फसवणूक आहे बाई. पोलिसांत देता येतं."

"हो, येतं," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. ती पुरी होईपर्यंत थांबून बाई पुढं बोलली, "पण सर, एक विचारू? तुम्ही तो एका सीटचा प्रश्न विचारलात, तो पुस्तकातला नाही. तुमच्याकडं आत्ता चालू आहे ते."

मुलाखतीला बसलेल्या माणसाला आपलंच अडलेलं काम विचारायचं आणि फुकटात उत्तर मिळालं तर घ्यायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. सगळे करतात. पकडलं कोणीच नव्हतं.

"सीट किती वेळ धरून ठेवता?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटं. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर सुटते."

"सोडतं कोण? ज्या सर्व्हरनं धरली तोच, की दुसरा?"

"दुसरा."

"मग दोघांची घड्याळं जुळतात का, हे बघितलंय का कुणी?"

तीन आठवडे आम्ही सहा इंजिनिअर त्या प्रोग्रॅमची एकेक ओळ चाळत होतो. घड्याळ कोणी बघितलं नव्हतं. मी कॉल बंद केला आणि बघितलं. एक सर्व्हर दुसऱ्यापेक्षा सदतीस सेकंद पुढं होता. माणूस अजून पैसे भरतोय आणि त्याची सीट सुटून दुसऱ्याच्या नावावर लागलेली. घड्याळं जुळवली आणि निम्म्या तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. उरलेल्या निम्म्या कशामुळे आहेत ते आम्हाला कळेना. तिला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तेजलच्या अर्जावरचा नंबर लावला.

"सर, मी परत असं नाही करणार," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"तुझं राहू दे. त्या बाईंचा नंबर दे."

"ताईंना विचारून सांगते."

तासाभरानं ताईंचाच फोन आला. नाव शालन बागल. राहणार बार्शी. वय सदतीस. एमसीए, पुण्यात हडपसरला एका छोट्या कंपनीत सात वर्षं नोकरी, तीही हॉटेल बुकिंगच्या कामावर. ती कंपनी बंद पडली, त्याच सुमारास सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, म्हणून बार्शीला परत. तिथून चार वर्षं अर्ज करतेय.

"आता तर सगळ्यांचंच काम घरून चाललंय सर," ती म्हणाली. "मग बार्शीत काय काटे आहेत का? पण माझी बारावी आडवी येते. त्रेपन्न टक्के."

हे आमच्याकडचं एक खूळ. दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे साठ टक्के पाहिजेत. कुठं एकोणसाठ असले तर तुम्ही पुढं काय दिवे लावलेत ते कोणी बघत नाही.

"काय झालं होतं बारावीला?" मी विचारलं. आजारपण असेल, घरात काही घडलं असेल, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढंच अर्जात लिहायला कारण मिळालं असतं.

"काही नव्हतं झालं. केमिस्ट्री जमली नाही. सतरा वर्षांची होते मी."

मी विचारलं, "आमच्याकडे अर्ज केला होता कधी?"

"तीनदा. चार मिनिटांत नकार येतो. मोजलंय मी. पण सर, तुमच्याकडं माझे चार जण कामाला आहेत."

"तुमचे म्हणजे?"

"ज्यांच्यासाठी मी बोलले ते. चांगली पोरं आहेत. कामाला लागल्यावर शिकतात. त्यावर तर माझं घर चालतं आत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीनवरच्या एकेका चेहऱ्याकडे टक लावून बघत बसलो होतो. कोण ते चार, हे मला आजही ठाऊक नाही.

"मी तुम्हाला घेतो," मी म्हणालो. "तुमच्या स्वतःच्या नावानं. माझ्यावर सोडा."

"खरंच सांगताय का?"

"हो म्हटलं ना."

ती म्हणाली, "एक करा. तेजलबद्दल काही वाईट लिहू नका. तिच्या घरी कमावणारी तीच होणार आहे."

मी कबूल केलं. तेजलच्या मुलाखतीपुढे ‘नेट गेल्यामुळे अपूर्ण’ असं लिहून टाकलं.

मग मी एचआरच्या रश्मी कुलथेला फोन लावला. ही रश्मी सगळ्यांना हसून बोलते, फक्त माझ्याशी नाही, आणि त्यात तिची चूक नाही.

"दिगंबर, सरसकट साठ," ती म्हणाली. "अर्ज मशीनच बाहेर टाकतं. माझ्यापर्यंत येतसुद्धा नाही."

"मग तू कशाला आहेस तिथं?"

हे मी बोलायला नको होतं.

"सांगू? तुझ्यासारख्या नऊ जणांच्या चाळीस जागा मी एकटी भरतेय. प्रत्येकाला माणूस कालच पाहिजे, अनुभव दहा वर्षांचा पाहिजे आणि पगार तीन वर्षांचा द्यायचाय. आणि माझी स्वतःची बारावी अठ्ठावन्न टक्के आहे. मी कॉमर्सची, म्हणून मला नियम नाही. आता बोल."

मी माफी मागितली. मागावीच लागली. मग ती जरा निवळली आणि वाट सांगितली. विशेष मंजुरीचा एक फॉर्म असतो. तो भरायचा, आमचे डिलिव्हरी हेड, म्हणजे सगळ्या कामांचे प्रमुख, अजित परचुरे यांची सही घ्यायची, त्यांनी स्वतः एक मुलाखत घ्यायची. होऊन जातं.

"फक्त त्यात एक रकाना आहे," रश्मी म्हणाली. "उमेदवार तुम्हाला कुठून मिळाला. तिथं ‘ओळखीतून’ टाक. सहा महिन्यांपासून ओळखतो असं लिहावं लागतं. सगळे लिहितात."

"मी नाही ओळखत."

"अरे बाबा, तेवढ्यानं काय होतंय?"

पण माझी खोपडी तशी. एवढा खोटेपणा सगळीकडे बघून मी वैतागलेला होतो, त्यात आपणच खोटं लिहायचं? मला वाटलं, खरं लिहिलं तर उलट जास्त चांगलं. दुसऱ्याच्या तोंडून बोलतानासुद्धा जिनं आमचं तीन आठवडे अडलेलं काम सात मिनिटांत सोडवलं, तिला याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? मी हे शालनला सांगितलंही.

"सर, ओळखीची आहे म्हणा की सरळ," ती म्हणाली. "तसं नका लिहू."

"अहो, काळजी करू नका. मी वीस वर्षं आहे इथं."

"बघा बुवा. तुमचं आतलं तुम्हाला माहीत."

मी लिहिलं. तेजलचं नाव दिलेल्या शब्दाप्रमाणे टाळलं. ‘दुसऱ्या एका उमेदवाराच्या मुलाखतीत पडद्याआडून उत्तरं देत असताना या बाईंची असामान्य क्षमता माझ्या लक्षात आली,’ असं, छान वळणदार वाक्य. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. लाज वाटते सांगायला, पण वाटला होता.

परचुरेनं फॉर्म न वाचता सही केली. तो काहीच वाचत नाही. मुलाखत मात्र घेतली, आणि ती कशी घेतली ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

"लॅपटॉप उचला आणि खोली दाखवा," त्यानं पहिलंच वाक्य टाकलं. हल्ली तो सगळ्यांनाच हे करायला लावायचा.

शालननं लॅपटॉप उचलला. मी तिला पहिल्यांदा बघत होतो. चष्मा, केस घट्ट बांधलेले, अंगावर इस्त्रीची निळी साडी. तिनं खोली दाखवली. कॉटवर सासरे झोपलेले. भिंतीला टेकवलेला वॉकर. पलीकडे स्वयंपाकघर.

"टेबलाखाली दाखवा. दार लावा. आता दोन्ही हात वर, कॅमेऱ्यात दिसतील असे. आणि डोळे मिटून उत्तरं द्या. समोर वाचायला काही ठेवलेलं असतं लोकांनी."

सदतीस वर्षांची बाई, दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर धरून, डोळे मिटून बसली. पकडून आणल्यासारखी. मला बोलायचं होतं. तिची नोकरी जाईल म्हणून मी तोंड मिटून बसलो. परचुरेनं वीस मिनिटं प्रश्न विचारले आणि तिनं वीस मिनिटं उत्तरं दिली. एकदाही चुकली नाही. एका ठिकाणी तिनं त्याचाच प्रश्न दुरुस्त करून दिला, तेही इतक्या हळुवारपणे की त्याला ते कळलंच नाही.

"उघडा डोळे," शेवटी तो म्हणाला. "छान. आम्हाला तुमच्यासारखी माणसं हवीत. दिगंबर, घे यांना."

"सर, झालं ना नक्की?" तिनं विचारलं.

"झालं. एचआर कागद मागेल तेवढे पाठवा."

तिनं त्याच दिवशी कागद पाठवले. सासऱ्यांना उठवून सांगितलं म्हणे, आणि त्यांना नीट बोलता येत नाही तर त्यांनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा. हे तिनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. बाकीच्या पोरापोरींनाही तिनं कळवून टाकलं, की आता मी कुणासाठी बोलणार नाही, मला नोकरी लागली.

आठव्या दिवशी नकाराचं पत्र आलं. मला नाही, तिला. मला तिच्याकडूनच कळलं.

झालं असं होतं. परचुरे फॉर्म वाचत नसेल, पण नवीन माणसाची चौकशी करणारी जी बाहेरची एजन्सी असते, तिच्याकडे तो वाचायलाच माणसं ठेवलेली असतात. त्यांनी माझं वळणदार वाक्य वाचलं. ‘उमेदवारानं अन्य व्यक्तीच्या नावे मुलाखत दिल्याचे कंपनीच्याच अधिकाऱ्याने लेखी नमूद केले आहे.’ शिक्का मारला, आणि तिचं नाव त्यांच्या यादीत टाकलं. ती यादी एकट्या आमच्या कंपनीची नव्हती. तीसेक कंपन्या त्याच एजन्सीकडून चौकशी करून घ्यायच्या.

मी त्या दिवशी दीड वर्षानं ऑफिसात गेलो, परचुरेच्या केबिनमध्ये. मास्क काढून टेबलावर आपटला.

"अजित, तू स्वतः घे म्हणालास तिला."

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं. खोटं बोलणारी बाई आहे ती, दिगंबर. उद्या क्लायंटला कळलं तर?"

"क्लायंट? बसवाल्याला आपण माझ्या टीममधल्या प्रणवचा अनुभव किती सांगितलाय? दोन वर्षं काम केलेल्या पोराला सहा वर्षांचा अनुभवी म्हणून बसवलंय आपण त्याच्या डोक्यावर. तो कागद तुझ्या सहीनं गेलाय."

"ते वेगळं. तशी पद्धतच आहे."

"आणि तिनं काय केलं? तिच्याकडे अक्कल आहे, तिला नोकरी देत नाही. ज्यांना देतो त्यांच्याकडे नाही, तर ते तिच्याकडून मागून नेतात. ही पद्धत कोणी पाडली? तिनं?"

"आवाज खाली कर."

"आणि ते हात वर करायला लावलेस ना, ते तू तुझ्या बहिणीला सांगशील?"

त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माणूस शांत राहिला, आणि त्यानंच मी जास्त भडकलो. "तुला एवढा तिचा कळवळा होता," तो म्हणाला, "तर ते लिहिलंस कशाला? मी लिहिलं का?"

जगाला शिव्या घालत तिथून बाहेर पडलो खरा, पण ते वाक्य माझ्या हातचं होतं.

रश्मीला विचारलं, ती नोंद काढता येईल का? तिनं खटपट केली, दोन मेल लिहिले. नाही म्हणाले. नोंद सात वर्षं राहते. त्यानंतर आपोआप जाते. आज पाच झाली.

शालनला मी फोन केला. काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलं होतं, पण ते बोलायची वेळच तिनं येऊ दिली नाही.

"मी म्हटलं होतं सर," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात नव्याने रुजू होणाऱ्यांची यादी आली. माझ्या टीमपुढे एक नाव. तेजल घुगे. मी ‘अपूर्ण’ लिहिलं होतं, तर मशीननं तिला दोनच दिवसांत आपोआप मुलाखत घेणाऱ्या दुसऱ्या पॅनेलसमोर बसवलं होतं. तिथं तिला दहापैकी नऊ गुण पडले. दहावी चौऱ्याऐंशी, बारावी एकाहत्तर, पदवी अडुसष्ट. सगळीकडे साठच्या वर. कोणाला कसली शंका यायचं कारणच नव्हतं.

मला माहीत होतं ते नऊ गुण कोणाचे. एक मेल लिहिला असता तर पोर घरी गेली असती, जागा पुन्हा रिकामी, आणि दिवाळीचं बुकिंग बारा दिवसांवर. मी मेल लिहिला नाही. पोरीची दया आली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

बुकिंग उघडलं त्या सकाळी आम्ही सगळे ऑफिसात होतो. दहाला सुरू झालं. दहा वाजून बारा मिनिटांनी पहिली तक्रार. पाऊण तासात चाळीस. घड्याळं बरोबर होती. दुसरंच काहीतरी होतं, ते उरलेलं निम्मं. बसवाल्याचा माणूस एका फोनवर मला आईबहिणीवरून बोलत होता. प्रणव आणि बाकीचे एकमेकांच्या स्क्रीनकडे बघत होते. परचुरे केबिनच्या काचेतून बघत होता.

मी तेजलच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. चार दिवसांची नोकरी तिची. कानापर्यंत लाल झालेली.

"काही सुचतंय का?" मी विचारलं. का विचारलं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

तिनं माझ्याकडे वर बघितलं. मग आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "सर, ताईंना लावू?"

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, की त्या बाईला आता कुठल्या तोंडानं विचारायचं? पलीकडच्या फोनवर बसवाल्याचा माणूस ओरडत होता.

"लाव," मी म्हणालो. "मीटिंग रूममध्ये चल, लॅपटॉप घे."

दार लावून तिनं फोन स्पीकरवर टाकला. "ताई, सर आहेत इथं."

पलीकडून शालनचा आवाज आला, "सांगा सर. काय अडलंय?"

मी सांगितलं. काय दिसतंय, कुठल्या गाड्यांवर, कधीपासून, सगळं. तिनं मध्ये मध्ये विचारलं. तेजलला एक फाइल उघडायला लावली, तिनं वाचून दाखवलं, मग दुसरी. ज्यांचे पैसे एकदा अडकतात ते पुन्हा बटण दाबतात, आणि दुसऱ्या वेळी सीट मोकळी आहे की नाही हे आपला प्रोग्रॅम बघतच नाही, असं निघालं. चार ओळी. तिनं तोंडी सांगितल्या, तेजलनं टाइप केल्या, मी तपासल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही ते चालू केलं. सव्वा अकरानंतर एकही तक्रार आली नाही. बसवाला राहिला. माझी टीम राहिली.

दार उघडून परचुरे आत आला, तोंडभर हसत.

"केलं म्हणे या मुलीनं? शाब्बास. चार दिवसांत?" तेजलकडे बघून तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळला. "बघ दिगंबर. रीतसर घेतलेलं माणूस असं असतं. आणि तू त्या बाईपायी माझ्याशी भांडत होतास."

फोन टेबलावर पडलेला होता. चालू होता. तेजलनं मान खाली घातली. एरवी ज्याला त्याला तोडून बोलणारा मी, एक शब्द बोललो नाही. सांगितलं असतं तर तेजल गेली असती, कदाचित मीही. बोललो नाही. परचुरेनं माझ्या पाठीवर थाप मारली, ती मी मारून घेतली.

तो गेल्यावर मी फोन उचलला, स्पीकर बंद केला.

"शालनताई," मी म्हणालो. "ऐकलंत तुम्ही."

"हो." मागे सासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. "मी ठेवते आता सर. साडेअकराला एकीची मुलाखत आहे."